गारव्याची किंमत

मोडलेले यंत्र माणसाला फारसे छळत नाही. दुरुस्त करायचे की बदलायचे, एवढाच काय तो प्रश्न. खरा पेच पडतो तो चालते यंत्र जुने झाले म्हणून काढून टाकावे की नाही, या ठिकाणी. आमच्या घरी २०१० साली बसवलेला दीड टनाचा एसी अजून गार वारा देतो. चिरंजीव म्हणतात, "बाबा, बिल केवढं येतं बघा, नवा घेऊन टाकू." सौभाग्यवतींचे म्हणणे, चालत्या गाडीला खीळ कशाला? दोघांचेही हिशेब चोख आहेत. पण त्या वहीतले एक पान मला कोरेच दिसते.

'टन' हा शब्दच घ्या. तो बर्फाच्या दिवसांचा अवशेष आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन; सुमारे साडेतीन किलोवॅट. १८३३ साली बोस्टनचा बर्फ जहाजाने कलकत्त्यास आला, तो इथली उष्णता पोटात घेऊन पाणी झाला. यंत्र पोटात काही घेत नाही. ते खोलीतली उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. शिवाय या हमालीसाठी जी वीज खाते, तिचीही उष्णता बाहेरच जाते. आमचे यंत्र पूर्ण जोरात घरातून सव्वापाच किलोवॅट उचलते आणि पावणेदोन किलोवॅट वीज घेते, असे धरू. म्हणजे मागच्या बोळात सात किलोवॅट पडतात. त्या बोळात पत्र्याच्या खोल्या आहेत, आणि त्यांच्या खिडक्या आमच्याच बाजूला उघडतात.

चांगले नवे यंत्र हेच काम सव्वा किलोवॅटमध्ये करील. माझ्या बिलात दोन-सप्तमांश बचत होईल. बोळात मात्र सातांऐवजी साडेसहा पडतील, म्हणजे शेजाऱ्याला सवलत फक्त एक-चतुर्दशांश! कितीही महाग यंत्र आणले, तरी खोलीतली उष्णता बाहेर टाकल्याखेरीज खोली गार व्हायची नाही.

जुन्या यंत्रातल्या वायूची गोष्ट तशीच. आर-२२ नावाचा हा वायू ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याच्या जातीच्या वायूंना आळा घालण्यास आरंभ झाला. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो एक किलो सुटला, तर सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडतो. भंगारवाल्याने नळी कापली की क्षणात तो आकाशाला मिळतो, आणि त्याची पावती कुणाच्याच नावे फाटत नाही.

म्हणून गारवाच सोडावा काय? वैशाखात घरातल्या वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना गारवा ही चैन नव्हे, हे मी जाणतो. त्याग शिकवणाऱ्यानेही आधी दुपारी दोन वाजता स्लॅबखालच्या खोलीत बसून पाहावे. पण गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, हे सांगणारा काटा कोणत्याच यंत्रावर नसतो. तो आपल्यालाच लावावा लागतो.

माझा निर्णय झाला आहे. यंत्र बदलायचे, जुन्यातला वायू मेकॅनिककडून बाटलीत उतरवून घ्यायचा, त्याचे जादा पैसे मोजायचे, आणि नव्याचा आकडा सव्वीसवर ठेवून पंखा लावायचा. यातल्या पहिल्या कामाने माझे पैसे वाचतील. शेजाऱ्याचे जे काही वाचणार आहे, ते उरलेल्या दोहोंतच अधिक आहे.