रसनेचे वतन

"मासे खायला किनाऱ्यावर जन्मावं लागतं, मोठेपणी शिकलेला माणूस मासे खाईल, पण त्याला ते कळायचे नाहीत," असा निकाल एका सारस्वत स्नेह्यांनी परवा पंक्तीत सहज देऊन टाकला, आणि त्यात माझा उपमर्द करण्याचा त्यांचा मुळीच हेतू नव्हता हे ठाऊक असूनही, देशावरच्या शाकाहारी घरात वाढून प्रौढ वयात मत्स्याहाराकडे वळलेल्या मला तो निकाल स्वस्थ बसू देईना. रसना हे जणू एखादे वतन आहे, ते वारशाने मिळते आणि सनद नसलेल्याने त्यावर दावा सांगू नये, असेच त्यांच्या बोलण्यात गृहीत होते.

बालपणीच्या अन्नाचा जिभेवर खोल संस्कार होतो, हे सर्वमान्य आहे. त्याचा पाल्हाळ येथे नको. परंतु त्यानंतरही रुची बदलते, आणि माझ्या मते तिचे मार्ग दोन : एक सवयीचा, दुसरा अभ्यासाचा. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की तिच्याविषयी अनुकूलता वाढते, असे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवले. परंतु त्या प्रयोगांतले अनोळखी शब्द, चिन्हे आणि चेहरे केवळ पाहायचे होते, पोटात घ्यायचे नव्हते. सवय फार तर अप्रीतीची धार बोथट करते; आस्वादाला अवधान लागते, आणि अवधानपूर्वक केलेल्या पुनरावृत्तीलाच मी अभ्यास म्हणतो.

वासाचेच पाहा. ताज्या समुद्री माशाला दुर्गंधी नसते. समुद्राच्या क्षारतेला तोंड देण्यासाठी त्याच्या शरीरात जे एक द्रव्य साठलेले असते, त्याचे मृत्यूनंतर जिवाणूंकडून विघटन होऊन ट्रायमिथिलअमाईन तयार होते, आणि ज्याला 'माशाचा वास' म्हणून आपण नाक मुरडतो तो बहुतांशी या द्रव्याचा, म्हणजे विलंबाचा वास असतो. ते अल्कधर्मी असल्यामुळे आम्लाशी संयोग पावून हवेत उडेनासे होते. कोकम, चिंच आणि लिंबू यांना किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरांत जो मान आहे, त्यामागे चवीखेरीज हेही कारण आहे. घाटावरच्या अनेकांची तक्रार वस्तुतः शिळेपणाविरुद्ध असते आणि शिक्षा माशाला होते. हा भेद नाकाला शिकवणे हा अभ्यासाचा पहिला पाठ होय.

येथे तिरफळाविषयी थोडे विषयांतर केल्यावाचून मला राहवत नाही. बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या तिखल्यात पडणारे हे रानफळ, ज्यातली काळी बी टाकून केवळ सालच वापरतात, चीनमधल्या प्रसिद्ध सिचुआन मिरीच्या कुळातले आहे. ते जिभेला किंचित बधिरता आणते, मागे लिंबाच्या सालीचा गंध रेंगाळत ठेवते आणि बांगड्याच्या तेलकट उग्रतेला असे आवरते की, या दोघांची गाठ ज्या अनामिक गृहिणीने प्रथम घालून दिली तिच्या प्रतिभेला वंदन करावेसे वाटते. पापलेटाच्या सौम्य आमटीत हेच तिरफळ सहसा कोणी घालत नाही. हा विवेक पिढ्यान्‌पिढ्या एका हातातून दुसऱ्या हातात आलेला आहे.

नवशिक्याला सुरमई किंवा हलवा खाऊ घालावा, असा सर्वसाधारण सल्ला असतो, कारण त्यांत बारीक काट्यांचा उपद्रव नाही. मला मात्र बांगडा हाच योग्य गुरू वाटतो : त्याचा मधला कणा उचलून बाजूला ठेवता येतो, तरीही बोटांना आणि जिभेला सावध राहावे लागते, घास लहान होतो, बोलणे मंदावते, आणि ज्या अवधानाला मी अभ्यासाचे मूळ म्हटले ते आपोआप येते. चविष्ट परंतु काटेरी करली ही त्यापुढची परीक्षा.

इतक्यावर स्नेह्यांचा दावा खारीज व्हावा; परंतु विचार पुढे नेता एक अडचण उभी राहते. कल्ले लालभडक असावेत, डोळा स्वच्छ असावा, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर यावे, ही ताजेपणाची लक्षणे मला एका कोळिणीने आपल्या टोपलीतला मासा उचलून दाखवली. बोंबलात पाणी फार, म्हणून तो तळण्यापूर्वी चिरून वजनाखाली दाबावा, हे शेजारच्या काकूंनी सांगितले. करलीचा काटा तोंडातल्या तोंडात कसा वेगळा करावा, हे शिकवले त्याच स्नेह्यांच्या मातोश्रींनी. म्हणजे ज्याला मी माझा अभ्यास म्हणत आलो, तो या माणसांच्या सहवासावाचून झालाच नसता. किनाऱ्यावर जन्मलेल्याला हा सहवास न मागता मिळतो, इतपत स्नेह्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते, जरी ते मान्य करण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला नव्हता. मात्र वतन जसे वारशाने मिळते तसे ते दत्तकविधानानेही मिळते; आणि दत्तक स्वतःच्या जिद्दीने होता येत नाही, दुसऱ्या कोणी आपल्याला घ्यावे लागते.

मग वतनाची कर्तव्येही दत्तकाकडे येतात. पावसाळा हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ, म्हणून १ जून ते ३१ जुलै या मुदतीत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास मनाई असते. त्या दिवसांत सोडे आणि सुके बोंबील यांवर संतोष मानावा, कोवळी पिल्ले बाजारात दिसली तरी विकत घेऊ नयेत, आणि कोणी संकोचलेला नवखा पंक्तीत शेजारी बसला तर त्याला जन्मस्थान न विचारता बांगड्याचा कणा कसा काढावा ते दाखवावे. कारण ज्याला हे सुख इतरांनी देऊ केले म्हणून लाभले, त्याने ते पुढे देणे ही त्याची पहिली जबाबदारी आहे.