उसने दिलेले नाव

घरातील कोणी छोटी कंपनी काढायचे ठरवले की दुसरा संचालक शोधावा लागतो. कारण एकाच व्यक्तीची कंपनी नसेल, तर खासगी कंपनीस किमान दोन संचालक हवेत असा कायदा आहे. मग पत्नी, भाऊ वा मेहुणा पुढे येतो. ‘नुसती सही तर करायची आहे’ हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज उच्चारले जाते!

2013 च्या कंपनी कायद्यातील 164 वे कलम मात्र त्या सहीस नुसती सही मानीत नाही. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे आपले ताळेबंद वा वार्षिक विवरणपत्रे सादर केली नाहीत, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. 2017 साली देशभरातील 3 लाखांहून अधिक संचालकांवर ही पाळी आली. आपली बाजू मांडण्याची संधीच मिळाली नाही, अशी तक्रार घेऊन अनेक जण उच्च न्यायालयांत गेले.

लुबाडणारा आणि केवळ बेसावध राहिलेला, या दोघांस एकाच पंक्तीत बसवणे न्याय्य आहे काय? कायदाही तसे करीत नाही. मोठ्या फसवणुकीस दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. एखाद्या अपराधासाठी सात वर्षे वा अधिक कारावास भोगलेल्यास संचालकपद कायमचे बंद होते. बेसावधाला पाच वर्षांनी दार पुन्हा उघडते.

तरीही ती पाच वर्षे अन्यायाची आहेत, असे आम्हांस सरसकट म्हणवत नाही. ठेवीदाराची पुंजी, कामगाराचे वेतन, व्यापाऱ्याची उधारी ज्याच्या देखरेखीखाली असते, त्याने जागे राहावयास हवे. राखणदार चोर नव्हता, फक्त झोपला होता, एवढ्याने लुटल्या गेलेल्यांचे समाधान होत नाही.

पण पतीच्या शब्दावर सही करणाऱ्या स्त्रीचे काय? तिचा दोष तिच्या एकटीचा नाही. विश्वास ठेवणे म्हणजे काही न विचारणे, असे ज्या घराने तिला शिकवले, तेही त्यात वाटेकरी आहे. म्हणून ऐकून घेतल्याविना कोणास अपात्र ठरवू नये, ही मागणी आम्हांस रास्त वाटते. आणि हिशेब कोण ठेवणार, विवरणपत्र कोण भरणार, हे सहीपूर्वी विचारणाऱ्या सुनेला वा भावाला आपण संशयी म्हणू नये. आपल्या नावाची राखण करण्याचा तो त्यांचा हक्क आहे.