खुंटीवरचा टाळ



सज्जनहो, पंढरीच्या वाटेवर काही माणसे अशी भेटतात की गळ्यात माळ आहे, कपाळी बुक्का आहे, दिंडीबरोबर पाऊलही पडते आहे, पण हात रिकामे. टाळ का नाही असे विचारले की उत्तर येते, "पूर्वी होता. आता नाही वाजवत." यापुढे विचारण्याची सोय नसते. चार मुक्काम एकत्र झाले म्हणजे गोष्ट आपोआप बाहेर येते. कोणाचा कर्ता मुलगा गेला, कोणाची जमीन कर्जापायी गेली, कोणास पक्षाघात झाला. मायमाउल्यांचे तर विचारूच नका. धनी गेला त्या दिवसापासून भजनी मंडळातले आपले नाव काढून घेतलेल्या कितीतरी जणी आम्हांस ठाऊक आहेत.

या मंडळींचा देवावर राग असतो असे नाही. एकादशी चुकत नाही, वारी चुकत नाही. सुटलेले असते ते फक्त गाणे. कारण विचारावे तर दोनच. एक, गळा राहिला नाही. आणि दुसरे, आवाज जरा खाली करून सांगतात ते, "लोक काय म्हणतील? पोरगा गेला आन् हा गातोय!" पहिल्या कारणाला उपाय सोपा आहे. दुसरे अवघड, म्हणून तेच आधी घेऊ.

तुकोबारायांचे चरित्र आपण सारे जाणतो. पण त्यातील क्रमाकडे आपले लक्ष जात नाही. आईबाप गेले. भावजय गेली, थोरला भाऊ विरक्त होऊन घर सोडून गेला. इ. स. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात थोरली पत्नी अन्नावाचून गेली. मुलगा संतू गेला. व्यापारात दिवाळे निघाले, गावात पत राहिली नाही. एवढे झाल्यावर त्यांनी देवाचे पडके देऊळ नीट करण्यास घेतले आणि एकादशीच्या कीर्तनाला प्रारंभ केला. दुःख सरले, मग कीर्तन सुरू झाले असे नव्हे. तेव्हा आपले चित्तही अभ्यासात नव्हते, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. देहूच्या लोकांनी काय म्हटले असेल याची कल्पना कोणीही करावी. बायको-मूल भुकेने गेले आणि हा देवळात उभा राहतो! महाराजांनी आपल्या मनालाच साक्षी ठेवले आणि लोकांचे लोकांपाशी राहू दिले.

आणि आरंभी ते कोठे उभे राहिले, तेही पाहावे. आधी संतांची वचने आदराने पाठ केली, मग जे पुढे गात होते त्यांच्या मागे राहून ध्रुपद धरले. ज्यांच्या शब्दांवर आज हजारो कीर्तने उभी आहेत, त्यांचा आरंभ मागच्या रांगेतला आहे. ही केवळ नम्रता नव्हे बाप्पा, यात मोठी सोय आहे. एकट्याने गावयाचे म्हटले की सारे ओझे एका गळ्यावर. मध्येच गेलेल्या पोराची आठवण आली, कंठ दाटला, की गाणे तुटले. ध्रुपदात तसे होत नाही. आपण एका ओळीपुरते थांबलो तरी शेजारचे दहा गळे ती ओळ पुढे नेतात. आपण डोळे पुसावेत आणि पुढच्या आवर्तनात मिळावे. अभंग खंडत नाही, आणि आपण थांबलो होतो हे कोणास कळतही नाही. रडणाऱ्याला गाता यावे अशी ही जागा आहे.

आमच्या माहितीतले एक मृदंगवादक होते. पंचक्रोशीत हात प्रसिद्ध. हाताशी आलेला मुलगा अपघातात गेला आणि मृदंगाला जी गवसणी चढली ती सात वर्षे निघाली नाही. मृदंग पडून राहिला की काय होते ते वाजवणारे जाणतात. पुडी आखडते, शाई तडकते, धुमेला कणीक लागत नाही म्हणून चामडे कोरडे पडते. लोकांनी पुष्कळ बोध केला. बोधाने काही झाले नाही. (दुःखिताला बोध करण्याची आपल्याकडे फार घाई असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.) पुढे गावच्या सप्ताहात वीण्याच्या पहाऱ्यांची यादी लागली, आणि मध्यरात्रीनंतरचा दोन ते चारचा पहारा घ्यायला कोणी मिळेना. वीणा तर खाली ठेवता येत नाही. ते ओट्यावर बसले होते. उठले, म्हणाले, "मी राहतो उभा." आधीच्या पहारेकऱ्याने वीणा त्यांच्या गळ्यात घातला, दोघे एकमेकांच्या पायां पडले. मंडपात दोन म्हातारी माणसे जागी, बाकी सारे निजलेले. पहिला तासभर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही; नुसती तार छेडीत उभे होते. मग जप सुरू झाला. सात दिवस त्यांनी तोच पहारा घेतला. पुढच्या वर्षी टाळकऱ्यांत उभे राहिले. मृदंग त्यांनी पुन्हा गळ्यात घातला नाही. तो नवी पुडी चढवून पुतण्याला दिला. सर्वांचे सर्व परत मिळते असे आम्ही म्हणणार नाही.

आता गळ्याचे. कुमार गंधर्व हे वारकरी परंपरेतले गवई नव्हेत, पण त्यांची गोष्ट येथे उपयोगी आहे. 1924 साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीस जन्म, लहानपणीच कीर्ती. 1947 साली क्षय झाल्याचे कळले. कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 च्या आरंभी माळव्यात देवासला नेले. जवळजवळ पाच वर्षे गाण्याची बंदी. वयाने तरुण, पण गाण्यापुरते म्हातारपण आलेले. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायकांची लोकगीते ऐकत, नाथपंथी फिरस्त्यांची निर्गुणी भजने ऐकत. आजारातून उठले तेव्हा एक फुफ्फुस निकामी झालेले होते. 1953 साली पुन्हा गाऊ लागले ते मोडक्या श्वासाचा हिशेब धरून. लांब दमाच्या ताना झेपेनात तेथे लहान लहान, धारदार स्वर घेऊन. जुने गाणे परत आणण्याचा हट्ट नाही. 1961 साली, ज्यांनी त्या आजारात शुश्रूषा केली त्या पत्नी भानुमतीही गेल्या. तरी 1992 साली देह ठेवीपर्यंत ते गातच राहिले. कबीर गायले, आपले तुकोबाही गायले.

तेव्हा ज्यांना विशीतला गळा हवा आहे त्यांनी तो नाद सोडावा. आहे त्या गळ्याला जुळेल अशी पट्टी धरावी. येथे आमच्या भजनी मंडळांशी थोडे भांडण आहे. पेटी काळी चार, काळी पाच यांच्या खाली उतरतच नाही. तरुण पोरांना ते शोभते. सत्तरीच्या माणसाने तेथे काय करावे? त्यावर ध्वनिक्षेपक एवढा मोठा की शेजारच्याचा टाळ ऐकू येत नाही. निदान एकादशीच्या जागराला एक तास पेटी पांढरी एकवर ठेवावी आणि ध्वनिक्षेपक बंद करावा. मागच्या रांगेत कोण कोण तोंड उघडते ते मग पाहावे.

घरच्या घरी आरंभ करावयाचा असेल तर हरिपाठ आहेच. पण आम्ही म्हणू की काकड्याचा महिना धरावा. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात मोजकी माणसे असतात, आणि त्या वेळी कोणाचाच गळा धड उघडलेला नसतो. टाळाची दोरी मात्र आदल्या दिवशी तपासून घ्यावी. वर्षानुवर्षे खुंटीवर राहून ती कुजलेली असते. पहिल्याच ठोक्याला तुटते आणि वाटी शेजारच्याच्या पायावर पडते.