स्वधर्म परिचारिकेचा आणि समाजाचा

महामारीच्या काळात परिचारिकेने नोकरी सोडली, तर तिने स्वधर्म सोडला असे म्हणावे काय, हा प्रश्न वरवर मनुष्यबळाच्या नियोजनाचा दिसत असला, तरी मुळात तो नीतीचा आहे. स्वधर्म म्हणजे आपण पत्करलेले कर्तव्य आणि निष्काम कर्म म्हणजे फळाची आसक्ती न ठेवता ते पार पाडणे. मात्र गीतेतील ही शिकवण कर्म करणाऱ्याला उद्देशून आहे, त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्याला तिचा आधार घेता येत नाही. स्वतःच्या मोबदल्याचा मोह सोडणे ही साधना होय. दुसऱ्याचा पगार थकवून त्याला निरासक्तीचा उपदेश करणे हा उघड अन्याय होय.

मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत नोकरीला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ८ मेपासून तिकडेच मुक्काम करावा, असा आदेश काढला आणि तीव्र विरोधानंतर तो मागे पडला. परंतु टाळेबंदीत बंद असलेली लोकल अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी पुन्हा सुरू झाली ती १५ जूनला. पाळीभर पीपीई किटमध्ये घामाने निथळत, लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीही न पिता, दुहेरी हातमोज्यांतून रुग्णाची शीर चाचपणाऱ्या सिस्टरला आपल्याच गावात परतण्याची चिंता लागावी, ही गोष्ट शरमेचीच म्हटली पाहिजे. पुढे लाट ओसरताच ठिकठिकाणच्या कोविड केंद्रांतील कंत्राटेही संपली, आणि २०२२ च्या मे महिन्यात बाह्यस्रोतांमार्फत, म्हणजे खासगी कंपनीकडून माणसे घेऊन, होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातील परिचारिकांना संप पुकारावा लागला.

रुग्णाचा यात काहीच दोष नसतो, हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच पाळी अर्ध्यावर टाकून खाटेवरच्या रुग्णाला वाऱ्यावर सोडणे कर्तव्यच्युतीच ठरेल; पण रीतसर राजीनामा देणे किंवा संपलेले कंत्राट पुन्हा न स्वीकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. तो मार्ग त्यांनी स्वतः निवडला होता, आणि सक्तीने घडवलेल्या त्यागाला ती थोरवी येत नाही.

गीतेचा तिसरा अध्याय यज्ञाचा अर्थ परस्परांचे पोषण असा लावतो आणि मिळालेले परत न देता एकट्याने भोगणाऱ्याला चोर ठरवतो. या कसोटीवर परिचारिकेआधी तिची सेवा घेणाऱ्या समाजाला पारखले पाहिजे. पुढची साथ येण्यापूर्वी कळव्याच्या, कल्याणच्या आणि डोंबिवलीच्या पालिका रुग्णालयांतील परिचारिकांना कायम पदे, वेळेवर पगार आणि रात्रपाळीनंतर सुरक्षित घरी पोहोचण्याची सोय मिळावी, ही मागणी तेथील नागरिकांनी स्वतः लावून धरावी.