आधी जाणकाराने उतरावे

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण माणसांसाठी आहे; नदीला ती लावणे महागात पडते. कोलाडजवळची कुंडलिका पात्राने बेताचीच. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात वीज करून तिच्यात सुटते आणि त्या पाण्यावर राफ्ट, कयाक चालतात. अशा खडकाळ नदीत नवख्यांचा गट उतरतो तेव्हा कौशल्याइतकाच नीतीचा प्रश्न उभा राहतो: गटाने काय झेपवायचे हे कोणाकडे पाहून ठरवायचे? माझ्या मते, सर्वांत कच्च्या हाताकडे पाहून.

कारण इथे उपजत बुद्धीच दगा देते. प्रवाह कयाकला खडकावर आडवी नेऊ लागला की नवखा माणूस घाबरून खडकापासून दूर कलतो. वरच्या अंगाची कड बुडते, तिच्यावर पाणी चढते आणि कयाक पालथी होते. खरे तर खडकाकडेच झुकायचे असते, त्याला मिठी मारावी तसे. आडवे पडलेले झाड याहून घातक: फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. तिथे दंडातली ताकद पुरत नाही. हे ज्याला ठाऊकच नाही त्याचा ‘येतो की’ हा होकार अर्धाच असतो. उरलेल्या अर्ध्याचा भार ठाऊक असणाऱ्यावर पडतो.

प्रौढ माणसाने आपल्या जिवाचे आपण ठरवावे, असा आक्षेप येईल. एकट्यापुरता तो खरा आहे. गटात मात्र एक उलटला की दुसरा दोर फेकतो, तिसरा पाण्यात उतरतो. धोका एकाने पत्करला तरी वाटून सगळ्यांना येतो. अतिसावधपणाने साहसाची मजा जाते, हा दुसरा आक्षेप. त्यातही तथ्य आहे. चुकल्याशिवाय वल्हे हाताला वळत नाही. पण चुकायची जागा निवडता येते. पुढे संथ डोह असेल तर खुशाल उलटावे. पुढे झाड आडवे असेल तर काठाला लागून, कयाक खांद्यावर घेऊन चालत पुढे जावे. मुरलेले कयाकपटूही हेच करतात. नवख्याला मात्र सगळ्यांदेखत ‘मला जमणार नाही’ म्हणायची लाज वाटते. म्हणून गट नेणाऱ्यांना एवढीच विनंती: ‘कोणाला चालत यायचे आहे?’ असे विचारू नका. आधी आपली कयाक उचला.