चिलया परत आला नसता तर?

गेल्या श्रावणात पंचवटीतील एका देवळात दर सोमवारी शिवलीलामृताची पोथी सांगत होतो. चौदावा अध्याय आला. श्रियाळ राजा, चांगुणा राणी, दारी आलेला अतिथी, त्याने मागितलेले नरमांस आणि उखळात कांडलेले एकुलत्या एका लेकराचे शिर! चाळीस वर्षे हा प्रसंग सांगतो आहे. उखळापाशी आयाबायांचे पदर डोळ्यांना लागतात. मग चांगुणा हाक मारते, चिलया धावत येतो, शंकर प्रगट होतात आणि मंडळी समाधानाने प्रसाद घेऊन घरी जातात.

त्या दिवशी प्रसादाला आलेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराने विचारले, "बाबा, देवानं चिलया परत दिला नसता तर?"

"गप रे! महाराजांना असं विचारतात का?" म्हणून आईने त्याला दंडाला धरून नेले. मी नुसता हसलो. उत्तर होते कुठे माझ्याजवळ?

रात्री पाठशाळेत शिकलेले ऐतरेय ब्राह्मण आठवले. हरिश्चंद्राने वरुणाला पुत्र द्यायचे कबूल केले; पुत्र रोहित रानात निघून गेला. त्याच्या बदली अजीगर्ताचा मधला मुलगा शुनःशेप शंभर गाई देऊन विकत घेतला. थोरला बापाचा लाडका, धाकटा आईचा, मधल्याला कोण? यूपाला बांधायला कोणाचा हात होईना, तर बापानेच आणखी शंभर गाई घेऊन बांधला आणि वर शंभर घेऊन शस्त्र पाजळले. यज्ञाला ऋत्विज कोण? विश्वामित्र, जमदग्नी, वसिष्ठ! पण "थांबा" असे कोणी म्हटल्याचे तिथे नाही. पोरानेच देवांना आळवले, तेव्हा पाश सुटले. आणि सुटल्यावर तो बापाकडे गेला नाही हो, विश्वामित्रांच्या मांडीवर जाऊन बसला.

माझा पुतण्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्याला हे सांगितले, तर त्याने शर्ली जॅक्सन या अमेरिकन बाईंची १९४८ सालची 'द लॉटरी' ही गोष्ट सांगितली. एक गाव दर जूनमध्ये जुन्या काळ्या पेटीतून चिठ्ठ्या काढते आणि जिच्या चिठ्ठीवर काळा ठिपका निघेल तिला सगळे मिळून दगडांनी मारतात. का, ते कोणाला धड आठवत नाही. एक म्हातारा तेवढा पीक चांगले येते असे पुटपुटतो. त्या साली चिठ्ठी एका लेकुरवाळीची निघते आणि तिच्याच तान्ह्याच्या नाही, पण चिमुकल्या पोराच्या हातात कोणी तरी चार खडे ठेवते. इथे देव येत नाही. गोष्ट छापून आल्यावर काही वाचकांनी पत्रे लिहून विचारले म्हणे, हे गाव आहे कुठे?

पिकाचे नाव निघाले आणि माउली आठवली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना, पाऊस पडावा म्हणून पशू मारून केलेल्या यागाला माउली विचारते की, हिंसा पेरून अहिंसा कशी उगवणार? शके १२१२ मध्ये, तेही वेदाला मानणाऱ्याने हे विचारले!

आणि गाव कुठे हे आपण नाशिककरांनी का विचारावे? सप्तशृंग गडावर दसऱ्याला बोकड देतात. त्या वेळी बंदूक झाडण्याचीही चाल होती. २०१६ साली तिचे छर्रे लागून माणसे जखमी झाली, पुढच्या वर्षी बळी बंद झाला आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अटी घालून तो पुन्हा मोकळा केला. नवस फेडायला येणाऱ्या आदिवासी माउलीला मी निर्दय म्हणणार नाही. रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग लावून दसऱ्याला तिला नावे ठेवणारे मला ठाऊक आहेत. पण बोकडाला कोणी हाक मारून परत बोलावीत नाही, एवढे खरे.

आणि मी तरी? गळ्यात तुळशीची माळ, बोकडाला हात लावला नाही. पण चाळीस वर्षे उखळापाशी क्षणभर थांबलो नाही. शंकर येणार हे मला ठाऊक होते, श्रोत्यांना ठाऊक होते. मुसळ उचलले तेव्हा चांगुणेला ठाऊक नव्हते.

येत्या श्रावणात चौदावा अध्याय पुन्हा सांगायचा आहे. उखळापाशी पोथी मिटून त्या पोराचा प्रश्न आधी सभेपुढे ठेवणार आहे. त्याच्या आईला निरोप धाडला आहे की, पोराला घेऊन अगदी पुढे बसा.

रामकृष्णहरि.