असन्निधान आणि देहधर्म

प्रियाचा वियोग झाला असता जीवाला दुःख होते, यात वाद नाही. वाद आहे तो पुढचा. दुःखात बुडालेल्या मनुष्याने देहाकडे पाहावे की पाहू नये? घरात मृत्यू झालेला असता जेवणे, निजणे, ताप आला तर औषध घेणे ही गेलेल्या जीवाशी केलेली प्रतारणा आहे काय? आणि ज्याने संसार टाकून परमेश्वराचे अनुसरण केले, त्याने तर देहाची काळजी वाहणे म्हणजे टाकलेल्या मोहाकडे पुन्हा वळणे नव्हे काय? हा प्रश्न वासनिकांच्या घरोघरी उठतो आणि आश्रमातही उठतो. म्हणून त्याचा विचार शास्त्राच्या व आचाराच्या अंगाने करणे अगत्याचे आहे.

प्रथम पूर्वपक्ष पूर्ण बळाने मांडला पाहिजे. देह नाशिवंत आहे, कर्माने मिळालेला आहे आणि कर्म सरताच पडणारा आहे. जीव मात्र नित्य आहे. तेव्हा अनित्याची निगा राखण्यात नित्याचे कोणते हित? शिवाय वैराग्याचा मार्ग देहाचे लाड कमी करण्याचाच आहे. भिक्षेचे अन्न झोळीत एकत्र करावे, चवीचा विचार करू नये, एका ठिकाणी मूळ धरू नये, अटन करावे, विजनात बसावे, ही सर्व शिकवण देहाभिमान तोडण्याची आहे. मग शोकाने आपोआप अन्नावरची वासना उडाली, झोप गेली, तर ते वैराग्याचेच द्वार उघडले असे का समजू नये? त्यात परमेश्वराचा विरह असेल तर बोलणेच खुंटले. ज्याचे सन्निधान गेले त्याच्यामागे हा देह उरावा तरी कशाला?

या पूर्वपक्षाला केवळ लोकांची बुद्धी पाठिंबा देते असे नाही, मोठ्या माणसांची चरित्रेही देतात. सोलापूर नगरीला ज्यांचा अभिमान वाटतो ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म तेथेच १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये गेले, त्यात ते होते. तिकडे असतानाच वडील निवर्तल्याची वार्ता त्यांना मिळाली. परत फिरण्यास ते पुरेसे कारण होते. ते फिरले नाहीत. जखमी सैनिकांवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये तेथील बेथून रुग्णालयाची धुरा घेतली, अपस्माराचे झटके येऊ लागले तरी काम थांबवले नाही, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्या व्याधीनेच देह ठेवला. मागे पत्नी आणि काही महिन्यांचे तान्हे मूल राहिले. हा त्याग थोर आहे. त्याच्या उंचीला उणेपणा येईल असे बोलणे कोणालाही शोभणार नाही. पूर्वपक्षकार म्हणेल की पाहा, ज्याने पितृशोकात देहाचा विचार केला नाही त्याचे नाव राहिले.

समाधान असे. देह वेचणे आणि देह उपेक्षणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाहेरून त्या सारख्या दिसतात म्हणून घोटाळा होतो. डॉ. कोटणीसांनी देह वेचला तो दुसऱ्याच्या प्राणासाठी. पितृशोक त्यांनी अंगावर ओढून घेतला नाही. त्याला काम दिले. याच्या उलट, शोकात अन्न सोडून भिंतीकडे तोंड करून बसणारा मनुष्य देह कोणासाठी वेचतो? गेलेल्याला त्याचा उपयोग नाही, उरलेल्यांना त्याचा भार आहे. आणि डॉ. कोटणीसांच्या चरित्रातूनही एक हळहळ उरतेच: तो देह आणखी वीस वर्षे टिकता तर किती जखमा बांधल्या गेल्या असत्या! त्याग थोर असला तरी त्यावरून देह टिकवणे हे हीन ठरत नाही. उलट, देहाचे मोल केवढे आहे हेच त्या अकाली मृत्यूने दाखविले.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. श्रीकृष्णचक्रवर्तींच्या उपदेशाचा आरंभच एका शोकग्रस्ताच्या देहवर्णनाने होतो, ही गोष्ट गीता वाचणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा निसटते. पहिल्या अध्यायात अर्जुन आपल्या मनाचे तत्त्वज्ञान सांगण्यापूर्वी आपल्या अंगाची अवस्था सांगतो. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, रोमांच उभे राहिले, हातातून गांडीव निसटले, त्वचा पोळू लागली, उभे राहवेना, मन भोवंडू लागले. शोक प्रथम देहात उतरतो आणि मग बुद्धीला ग्रासतो, असा हा क्रम आहे. अर्जुनाने पुढे जे युक्तिवाद केले ते अशा थरथरत्या देहातून निघालेले आहेत. म्हणून ते दिसायला धर्माचे असून धर्माचे नाहीत. शोकात घेतलेला वैराग्याचा निश्चय तपासून का घ्यावा, याचे कारण येथे सापडते. रणातून निघून भिक्षा मागण्याची अर्जुनाची इच्छा वैराग्य नव्हती, ती ग्लानी होती.

याच गीतेच्या सहाव्या अध्यायात सोळाव्या व सतराव्या श्लोकांत योग कोणाला साधत नाही ते सांगितले आहे. अति खाणाऱ्याला नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही तसा सदा जागणाऱ्यालाही नाही. दुःखाचा नाश करणारा योग आहार, विहार, कर्म, झोप आणि जागृती यांत माप राखणाऱ्यालाच साधतो, असा तेथील अभिप्राय आहे. सतराव्या अध्यायातील पाचवा-सहावा श्लोक तर याहून कठोर आहे. शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून शरीरातील भूतांना जे कृश करतात, ते आत वसणाऱ्या श्रीकृष्णालाच कष्टवितात. त्यांचा निश्चय आसुरी समजावा. यावरून पूर्वपक्षातील मुख्य युक्ती ढासळते. देहाचे लाड न करणे हे वैराग्य खरे, परंतु देहाचा छळ करणे हे वैराग्याचे वाढलेले रूप नव्हे. अहिंसेचे व्रत ज्याने घेतले, त्याच्या अहिंसेतून त्याचा स्वतःचा देह वगळलेला नाही. भिक्षेचे अन्न बेचव करून का होईना, ते पोटात घालावयाचे आहे. न जेवण्याची आज्ञा तेथे नाही.

येथे कोणी म्हणेल की हे सारे सामान्य शोकाला लागू. परमेश्वराच्या विरहाला नाही. म्हणून पंथाच्या आरंभकाळातील सर्वांत मोठ्या विरहाकडेच वळले पाहिजे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हा श्रीनागदेवाचार्य आणि इतर भक्तजन यांच्यावर जो प्रसंग ओढवला, त्याला पंथाने ‘असन्निधान’ असा शांत शब्द योजला आहे. शब्द शांत आहे, अनुभव शांत नव्हता. परंतु स्वामींनी जाताना मागे कोणती व्यवस्था लावून दिली? रिद्धपुरास जाऊन श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहावे, ही. या आज्ञेतील करुणा पुरतेपणी लक्षात घेण्याजोगी आहे. विरहाने व्याकूळ झालेल्यांना विजनात एकटे बसविले नाही. एका अशा महापुरुषाकडे धाडले की ज्यांना हवे-नको पाहावे लागे. श्रीप्रभूंचे चरित्र ज्यांनी वाचले त्यांना ठाऊक आहे की ते लेकरांत खेळत, घरोघरी जाऊन खात, एखादा पदार्थ मागत, क्षणात कोपत व क्षणात हसत. त्यांचे पाणी, त्यांचे अन्न, त्यांचा विसावा यांकडे लक्ष देता देता सेवकांचा दिवस उगवे आणि मावळे. दुसऱ्याच्या देहाची निगा राखणाऱ्याला स्वतःचा देह उभा ठेवावाच लागतो. शोकाला लावलेले हे पहिले औषध होते. महदाइसेने धवळे गायिले ते याच रिद्धपुरात, श्रीप्रभूंच्या सांगण्यावरून. विरहाच्या काळातही त्या कंठातून विवाहाचे गाणे उमटले, हे विसरण्यासारखे नाही.

दुसरे औषध स्मरण. नागदेवाचार्य स्वामींच्या लीळांचे नित्य स्मरण करीत. ते पाहून म्हाइंभटांनी त्या लीळा लिहून ठेवण्याचे मनात घेतले, आणि शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आगेमागे, लीळाचरित्र आकारास आले. म्हाइंभट ज्याने जी लीळा पाहिली-ऐकली त्याच्याकडे गावोगावी चालत गेले, विचारले, पडताळले, आणि आचार्यांच्या साक्षीने नोंदले. मराठीतील आद्य गद्यचरित्र एका समाजाच्या शोकातून जन्मले. पण नुसत्या शोकातून ते जन्मले नाही. जपलेल्या शोकातून जन्मले. नागदेवाचार्यांनी विरहात अन्नपाणी सोडून देह टाकला असता, तर पडताळणीची ती साक्ष कोठून मिळती? म्हाइंभटांचे पाय चालले नसते तर लीळा त्या त्या म्हाताऱ्या भक्तांबरोबरच मातीत गेल्या असत्या. आज सातशेहून अधिक वर्षांनी ज्या लीळांचे स्मरण जीव करतो, त्या एका गुरुविरही माणसाने देह राखला म्हणून पोचल्या आहेत. परमेश्वराच्या विरहातसुद्धा देह टिकविणे ही सेवाच होती, हे यावरून सिद्ध होते.

स्थानवंदनाचाही अर्थ याच दिशेने लावावा. स्वामी जेथे बसले, जेथे निजले, जेथे जेवले, ती स्थाने जपली गेली, आणि साधक पायांनी चालत जाऊन मस्तक टेकून त्यांना वंदन करतो. स्मरण केवळ मनात राहिले असते तर ते मनाबरोबर विटले असते. पाय, हात आणि कपाळ यांना त्यात वाटा दिला म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. देह हा स्मरणाचा वैरी नसून वाहक आहे.

लौकिक अनुभवही शास्त्राला दुजोराच देतो. १९६९ साली इंग्लंडमध्ये पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांची पाहणी प्रसिद्ध झाली. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अपेक्षेहून सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. १९९० च्या सुमारास जपानी वैद्यांनी अशी अवस्था वर्णिली की तीव्र दुःखाच्या आघाताने हृदयाचा एक भाग काही काळ फुग्यासारखा होऊन दुबळा पडतो; वयस्क स्त्रियांत ती विशेष दिसते, आणि वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक जण बरे होतात. काळीज फुटणे हा निव्वळ वाक्प्रचार नाही, असाच याचा अर्थ. मग शोकग्रस्ताच्या छातीत कळ आली असता ‘दुःखामुळे होते’ म्हणून तिची हेळसांड करणे हे अज्ञान होय.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. गणपती बोळवून गाव निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. शेजारच्या सोलापूरच्या रुग्णालयांत जखमींची रीघ लागली. हाड मोडलेल्याला फळी बांधता येते. ज्याचे सारे घर एका पहाटेत गेले त्याला काय बांधावे? अशा वेळी तत्त्वज्ञान सांगणारा नव्हे, तर पाण्याचा तांब्या पुढे करणारा उपयोगी पडतो. २०२० आणि २०२१ च्या साथीत याहून वेगळे संकट आले. कित्येकांना आपल्या माणसाचा अखेरचा स्पर्शही मिळाला नाही. भेटायला कोणी येऊ शकले नाही आणि शोक दाराआड कोंडला गेला. शोकाला माणसांचा सहवास अन्नाइतकाच लागतो, हे त्या दोन वर्षांनी शिकविले.

सुतकातील विटाळाचा विचार पंथाने बाजूस सारला, ते योग्यच झाले. परंतु त्याच दिवसांत ज्या घरची चूल पेटत नाही तेथे शेजाऱ्याने पिठले-भाकरी आणून द्यावी आणि ‘दोन घास खा’ म्हणून समोर बसावे, ही गावरीत टाकण्याची नाही. त्या कडू घासात धर्म आहे. शोकग्रस्ताला भूक नसते. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्याने भुकेची आठवण ठेवावयाची असते.

यातून आचार कोणता निघतो? वासनिकाने शोकाच्या दिवसांत नेमलेल्या वेळी थोडे का होईना खावे, अंथरुणावर पडावे, नित्याचे औषध चुकवू नये, आणि मद्यादी व्यसनांत दुःख बुडविण्याचा मार्ग दुरूनही पाहू नये. नामस्मरण एकाग्र होत नसेल तर त्याचा खेद न करता वाचेने करीत राहावे; मन मागून येते. साधुसंतांनी विरही सोबत्याला अटनात मागे टाकू नये. त्याच्या चालीने चालावे. आठवडे-महिने लोटूनही अन्न, झोप आणि जगण्याची इच्छा परतत नसेल, तर ती भक्तीची उणीव समजू नये. व्याधी समजून वैद्याकडे न्यावे. आत्मघाताचा विचार बोलून दाखविणाऱ्याला उपदेश करीत बसू नये आणि क्षणभरही एकटे सोडू नये. मनुष्यदेहावाचून अनुसरण घडत नाही. तो आपल्या हाताने संपविण्याचा अधिकार जीवाला नाही.

सोलापुरात मागावर उभा धागा तुटला की विणकर माग थांबवितो. तुटलेला धागा तसाच ठेवून तो पुढे विणीत नाही आणि एका धाग्यासाठी सारे कापडही फाडून टाकीत नाही. दोन टोके शोधून गाठ मारतो आणि मग माग चालू करतो. गाठ कापडात राहते, कापडही राहते. वियोगाने तुटलेल्या आयुष्याचेही असेच आहे. गाठ मारायला हात शाबूत लागतात, म्हणून शोककाळी देह सांभाळावा. आणि सांभाळलेला देह सेवेला व स्मरणाला लावावा. असन्निधानी जीवाचा धर्म तो हाच.